केरबानं जीपला खिडकी बसवली

डांबरी सडकेवरच्या एका गावात एक भोळा माणूस होता, केरबा. त्याची एक जुनी जीप होती. जीपला कापडी हूड, हुडाला मागं प्लास्टिकची खिडकी. ती पिवळी पडून पडून पार आंधळी झालेली.

केरबाच्या बहिणीचं, सुंद्राचं, लग्न ठरलं. ती म्हणाली, "दादा, सासरी जाईन तर तुझ्याच जीपमधनं. पण खिडकी नवी बसव. वळण येईपर्यंत मला आपलं गाव दिसलं पाहिजे."

"दिसंल की. गाव काय कुठं पळतंय?"

हूड शिवणारा दस्तगीरचाचा तापानं पडला होता. केरबा त्याच्या उशाशी जाऊन बसला. चाचा म्हणाला, "सोपं आहे. जुनी खिडकी उसवून काढ. माप घे, अन् चारी बाजूंनी चार बोटं जास्त काप."

केरबानं प्लास्टिक बरोब्बर मापाचं कापलं. अन् हुडाचं भोक चार बोटं वाढवलं. प्लास्टिक लावायला गेला, तर ते भोकातनं आरपार जाऊन शेणात पडलं.

"अरे येड्या," चाचा म्हणाला, "जास्त कापायचं ते प्लास्टिक! कापडाला हात लावायचा नाही!"

"असं होय."

केरबानं नवं प्लास्टिक आणलं. मोठं कापलं. चारी कडांनी बारीक, सुरेख टाके घातले, अन् खिडकी काखेत मारून चाचाकडं गेला.

"ही शिवलीस कशावर?"

"कशावरच नाही. कापडाला हात लावायचा नव्हता ना?"

चाचानं कपाळावरची ओली पट्टी डोळ्यांवर ओढून घेतली. "बाबा रे, कापडासकट शिव. हाताला कापड लागलं की टाका घाल. सोडू नकोस."

केरबा जीपमध्ये मागं बसला. हुडाचं कापड हाताला लागलं, शिवलं. सदऱ्याचा घोळ लागला, शिवला. बाही लागली, तीही शिवली.

सुंद्रा वाटी घेऊन आली. "दादा, उतर की. तुला हळद लावायचीय."

"उतरू कसा? मी खिडकीत आहे."

सुंद्रा आधी हसली. मग तिचे डोळे भरले. "उद्या लग्न आहे रे माझं!"

शेवटी चाचाच घोंगडी पांघरून आला. त्यानं केरबाला उसवलं, अन् दिवस मावळायच्या आत खिडकी बसवून दिली. लख्ख! जाताना म्हणाला, "केरबा, इथनं पुढं आपलं डोकं चालवू नको. मोठं माणूस सांगंल तेवढंच कर."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. जीपला हार घातले. केरबा जीप चालवायला बसला. थोरली आत्या नारळ घेऊन पुढं आली अन् सुंद्राला म्हणाली, "नारळ फुटला की निघायचं. अन् निघालं की मागं बघायचं नाही, बाई."

केरबानं ऐकलं.

नारळ फुटला. केरबा निघाला.

नवरा-नवरी अजून आईच्या पाया पडत होती. "दादा! अरे दादा, थांब!" सुंद्रा शालू वर धरून पळाली. नवरदेव मुंडावळ्या सावरत पळाला. बँडवाले वाजवत वाजवतच पळाले. केरबानं मान वळवली नाही. त्याला वाटलं, वरात काय जोरात आहे!

दोन गावं ओलांडून जीप सुंद्राच्या सासरी थांबली. सासूबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो ओवाळून टाकला. मग वाकून आत बघितलं.

"अहो पाव्हणं, सून कुठाय माझी? अन् पोरगा?"

"मागं आहेत."

"मागं म्हणजे कुठं?"

"ते मला काय ठावं? मला मागं बघायचं नव्हतं," केरबा म्हणाला. "तुम्ही बघा की, या खिडकीतनं. अगदी लख्ख दिसतील."