विहीरमाईची वेणी

ऐका, ऐका विहीरमाई, तुमची कहाणी. बायांनो, तांदूळ हातात घ्या, लेकरांना जवळ बसवा आणि मधेच कुणी उठू नका, दूध उतू गेलं तरी चालेल.

आटपाट नगर होतं, नगराच्या मधोमध विहीर होती, विहिरीला एकवीस पायऱ्या होत्या. नगरातले लोक मोठे भाविक. सकाळी उठावं, पूजा करावी, आणि निर्माल्य विहिरीत सोडावं. फुलं सोडावीत, दूध सोडावं, नैवेद्याचा दहीभात सोडावा. कुणी विचारलं तर म्हणावं, "विहीरमाईला पोचतं." पाणी हिरवं झालं, पाण्याला वास येऊ लागला. तरी नाक धरावं आणि भात सोडावा, अशी त्यांची भक्ती!

विहिरीच्या काठाला शाळा होती. शाळेत मुलगे जात, मुलीही जात. आटपाट नगरच ते, तिथं कोण अडवणार? शाळेचे पंतोजी विद्वान, पण रागीट. त्यांची बायको चिमाबाई. पोरं तिला काकू म्हणत. सकाळी पोरं खणखणीत पाढे म्हणत. दुपार झाली की एकाला पेंग येई, दुसऱ्याच्या पोटात कळ येई, तिसरा भिंतीला टेकून बसे तो उठतच नसे. पंतोजी छडी उगारीत आणि म्हणत, "आळशी कार्टी!"

एके दिवशी राजा परीक्षेला आला. त्यानं विचारलं, "बारा सत्ते किती?" कुणी बोलेना. भागी नावाची एक हुशार मुलगी होती. ती तेवढी उभी राहिली, आणि भोवळ येऊन खाली बसली. राजा रागावला. म्हणाला, "श्रावण सरेपर्यंत मुदत देतो. तोवर पोरं धड झाली नाहीत, तर शाळा मोडीन आणि तिथं माझे घोडे बांधीन."

राजा गेला. चिमाबाईनं भागीचं डोकं मांडीवर घेतलं.

"काय होतंय गं तुला?"

"काही नाही, काकू."

"खरं सांग."

"कालपासून आमची चूल पेटली नाही. नुसतं पाणी प्याले, तर पोटात ढवळतंय."

चिमाबाईला रडू कोसळलं. पोरं आपल्या डोळ्यांदेखत उपाशी बसत होती आणि आपण त्यांना पाढे पाठ करा म्हणत होतो, याची तिला फार लाज वाटली.

मग काय झालं? दुसऱ्या दिवशी नगरात एक म्हातारी आली. केस ओले, त्यांच्या जटा झालेल्या, अंगाला आंबूस वास. ती राजवाड्यापुढं गेली. "राणी राणी, माझे केस विंचर." राणी म्हणाली, "मला एकशेआठ नैवेद्यांची तयारी करायची आहे, पुढं जा." मग ती सावकारणीकडे गेली. "सावकारणी सावकारणी, माझे केस विंचर." सावकारणी म्हणाली, "मी सोवळ्यात आहे, पुढं जा." मग ती चिमाबाईकडे गेली. "चिमाबाई चिमाबाई, माझे केस विंचर." चिमाबाई म्हणाली, "ये आजी, बस. फणी घेऊन येते."

चिमाबाई विंचरू लागली. पहिल्या खेपेला कुजकी फुलं निघाली. दुसऱ्या खेपेला आंबलेला दहीभात निघाला. तिसऱ्या खेपेला हिरवं शेवाळ निघालं. चिमाबाईनं नाकाला पदर लावला नाही. तेल लावलं, वेणी घातली, आणि विचारलं, "आजी, तुझी ही दशा कुणी केली?"

म्हातारी म्हणाली, "तुम्हीच केलीत की! रोज माझ्या डोक्यावर भात ओततां आणि वर हात जोडतां. तो भात ज्यांच्या पोटात जायचा, ती लेकरं माझ्या काठाला उपाशी."

चिमाबाईला उमजलं. पायांवर लोळण घेतली. "माये, चुकलं. काही उपाय सांग."

"एक वसा आहे. पण उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"तर ऐक. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी वसा घ्यावा. मूठभर धान्य भुकेल्यासाठी काढावं. पाणी चारपदरी फडक्यानं गाळावं, उकळून निववून प्यावं. एक बी मातीत घालावं, निर्माल्य त्याच्या बुडाशी पुरावं. गुरूनं सांगावं, पोरांनी करावं. शेजारच्या गावच्या पोरांना शिकवलं, की उद्यापन झालं." असं म्हणून म्हातारी विहिरीच्या पायऱ्या उतरली, ती दिसेनाशी झाली.

सोमवार उजाडला. चिमाबाईनं पोरांना गाळ उपसायला पाट्या दिल्या आणि विहिरीत उतरवलं. बायका धावत आल्या. "अगं बाई, देवीचा नैवेद्य उपसतात! कोप होईल गं कोप!" पंतोजीही कडाडले, "शाळेत पाढे शिकवायचे की गाळ?" चिमाबाई म्हणाली, "बारा पोरं, सात सात पाट्या. तुम्हीच मोजा, पाढे आपोआप होतील." पंतोजी मोजू लागले. मोजता मोजता पुढं सरकले, पाय घसरला, आणि गाळात बसले. पोरं घाबरून मागं सरली. पंतोजींनी दाढीचं शेवाळ काढलं, आणि खो खो हसले. ते हसतात हे त्या दिवशी नगराला कळलं.

गाळ परसात पसरला, त्यात माठ पेरला, मेथी पेरली. रोज पोरांनी पाणी गाळावं, उकळावं, आपापल्या घरी आईला शिकवावं. रोज एकेक मूठ आणावी, चिमाबाईनं खिचडी रांधावी. पण भागी शाळेत येईना. चिमाबाई तिच्या घरी गेली. भागी म्हणाली, "काकू, मी मूठ कुठून आणू?"

चिमाबाई परत आली, विचारात पडली. मग तिनं मडक्याच्या तोंडावर फडकं झाकलं. सांगितलं, "आजपासून सगळ्यांनी फडक्याखाली हात घालायचा आणि मूठ उघडायची. कुणी कुणाचं पाहायचं नाही." भागी आली. रिकामी मूठ घेऊन आली, फडक्याखाली उघडली, आणि सगळ्यांच्या पंगतीला बसली. खिचडी कुणाला कमी पडली नाही.

श्रावण सरत आला. पोरांची गालफडं भरली, पोटातल्या कळा थांबल्या. मग राजा घोडे घेऊन परीक्षेला निघाला. त्याच दिवशी राणीही निघाली, एकशेआठ ताटं घेऊन, विहिरीत सोडायला. खीर, पुऱ्या, वाटली डाळ! भागीनं पाहिलं आणि पायरीवर आडवी उभी राहिली.

राणी म्हणाली, "बाजूला हो, पोरी."

भागी हलली नाही. तिनं विहिरीचं पाणी लोट्यात गाळून घेतलं. त्यात ताटातली खीर घातली, फुलं घातली, चिमूटभर कुंकू घातलं. लोटा शाळेपाशी आलेल्या राजापुढं धरला. "महाराज, प्या."

राजानं तोंड वाकडं केलं. "हे कसं पिऊ?"

"तुम्हांला पिववत नाही, मग विहीरमाईनं कसं प्यावं? आणि तिच्या काठी आम्ही कसं प्यावं?"

राणीनं मान खाली घातली. मग ताट खाली ठेवलं, पदर खोचला, आणि म्हणाली, "पंगत मांडा." राणीनं पोरांना वाढलं, बायांना वाढलं, गुराख्यांना वाढलं. एकशेआठ ताटं रिकामी झाली. राणी सकाळपासून उपाशी. शेवटी स्वतःला वाढून घ्यायला गेली, तर काहीच उरलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तिनं रिकामं भांडं पाहिलं.

भागीनं आपल्या पानातली अर्धी पुरी मोडून दिली. राणीनं ती घेतली. म्हणाली, "माझे हात का गं थरथरतात?"

भागी म्हणाली, "भुकेनं, राणीबाई. आधी हात थरथरतात. मग पाढे विसरतात."

राणीच्या डोळ्यांना धार लागली. तिनं राजाकडे पाहिलं. राजानं घोडे माघारी पाठवले, शाळा राहिली. पुढच्या सोमवारी राणी मूठ घेऊन आली, पोरांच्या रांगेत शेवटी बसली, आणि पाणी गाळायला शिकली. मग पोरं शेजारच्या गावी गेली, तिथल्या पोरांना वसा दिला, उद्यापन केलं.

जशी विहीरमाई चिमाबाईला पावली, भागीला पावली, उशिरा का होईना राणीला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. तुमच्या दारचं पाणी निर्मळ राहो, तुमच्या पानात पुरी असो, अर्धी द्यायला शेजारी लेकरू असो. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचा उत्तरी, भरल्या पोटी सुफळ संपूर्ण.