मेणात रुतलेला खिळा

छापखान्याची यंत्रं यायच्या कितीतरी आधी, कोरियातल्या एका मठात भिक्खू धातूचे खिळे, म्हणजे छपाईचे ठसे, मेणात रोवून पानं छापत. प्रत्येक खिळ्यावर एकच शब्द. एक पान छापून झालं, भिक्खू पुढच्या पानासाठी खिळे उपटू लागला, तसा ‘पाणी’ शब्दाचा खिळा मेणाला घट्ट चिकटून बसला.

“मी नाही निघणार! ‘नदी’शेजारी कशी झकास जागा मिळालीय!”

“शाब्बास!” कोपऱ्यातली, अख्खं पान कोरलेली छपाईची लाकडी फळी म्हणाली. “माझे शब्द बघ, शंभर वर्षांत जागचे हललेले नाहीत.”

“मग आजी, पुढच्या पानावर काय आहे गं?”

फळी म्हणाली, “माझ्यापाशी एवढंच पान आहे रे.”

खिळ्याला राहवेना. त्याने मेण सोडलं.

पुढच्या पानात भिक्खूने त्याला ‘तहान’ या शब्दाशेजारी बसवलं.