पातेल्यातला पिवळा डाग

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक बाई राहायची. तिच्या हाताला अशी चव होती की लोक तिचं खरं नाव विसरून तिला सुगरणबाईच म्हणायचे. मेथांब्याला लागतं ते काय? कैऱ्या, गूळ, मेथ्या आणि तिखट. पण तो करावा तिनेच.

दर चैत्रात गावदेवीच्या नैवेद्याला तिच्याच घरचा मेथांबा जायचा. आधी देवीला, मग एका लहान कुमारिकेला आणि मग साऱ्या गावाला. देवीला दाखवण्याआधी कुणी त्याची चव घ्यायची नाही, करणारीनेसुद्धा नाही, असा नियम होता.

एका वर्षी उत्सवाच्या आदल्या दिवशी तिने मोठ्या पितळी पातेल्यात मेथांबा शिजवला आणि तसाच झाकून ठेवला. सकाळी तो बरणीत भरताना पळी तळाला लागली आणि तिचा हात थांबला. तळाची कल्हई उडाली होती. तळहाताएवढा पिवळा डाग दिसत होता आणि त्याच्या कडेने मेथांबा हिरवट पडला होता.

तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. उघड्या पितळेला आंबट लागलं की ते कळकतं, आणि कळकलेलं अन्न पोटात गेलं की विषासारखं बाधतं. सुगरणबाईला हे गावात सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. महिन्यापूर्वीच कल्हईवाला दारात आला होता. माझ्या भांड्यांना काही धाड भरलेली नाही, असं ऐकवून तिनेच त्याला परत पाठवलं होतं.

सांगावं तर नैवेद्याचा मान जाणार, आणि लोक हसणार ते वेगळंच. एवढ्याने काय होतंय, असं ती स्वतःला म्हणाली. हिरवट भाग तिने बाकीच्यात ढवळून मिसळला, वर मूठभर गूळ घातला, लवंग-दालचिनीची पूड पेरली. चाखून पाहिलं असतं तर शंका फिटली असती. पण नियम होता ना! खरं सांगायचं तर त्या दिवशी तिला तो नियम फार सोयीचा वाटला.

तेवढ्यात शेजारीण तिला बोलवायला आली. शेजारणीची पाच वर्षांची लेक तानी यंदाची कुमारिका होती. नवा परकर नेसलेली तानी सांगू लागली की तिने सकाळपासून काहीच खाल्लेलं नाही, पोटात मेथांब्याला खूप जागा ठेवली आहे. सुगरणबाईने बरणी उचलली आणि ती चालू लागली.

वाटेत तिला एक युक्ती सुचली. बरणी फुटली तर? मग कुणाला काही सांगायलाच नको. देवळाच्या तिसऱ्या पायरीवर तिने पाय घसरल्याचं सोंग केलं आणि हात सोडले. पण गावाचा तिच्यावर जीव. दहा हात पुढे आले. कुणी तिला सावरलं, कुणी बरणी झेलली. एक थेंबसुद्धा सांडला नाही. देवीचीच कृपा, असं सगळे म्हणाले. सुगरणबाई काहीतरी पुटपुटली.

नैवेद्य दाखवून झाला. तानी पानावर बसली आणि तिला पहिली पळी वाढली गेली. आता बोलते, आता बोलते, असं सुगरणबाई मनाशी म्हणेपर्यंत तानीने दोनदा बोटं चाटली. तिचं तोंड वाकडं झालं. पण प्रसाद टाकायचा नाही, असं तिला आईने शिकवलं होतं. तिने तिसऱ्यांदा बोटं बुडवली.

"खाऊ नकोस, बाळा," सुगरणबाई म्हणाली. "कळकलाय तो. मला सकाळीच दिसलं होतं."

शेजारणीने तानीला पानावरून उचललं आणि घराकडे धाव घेतली.

दुपारभर तानी ओकत राहिली. तिचे हातपाय गार पडले. वैद्यबुवा काढ्यावर काढे देत होते. सुगरणबाई शेजारणीच्या अंगणात उभी होती. ओसरीवर पाय ठेवायची तिची हिंमत झाली नाही. आयुष्यात तिला कशाचीच एवढी भीती वाटली नव्हती. सकाळी ज्याची भीती वाटली होती, ते लोकांचं हसणं तिला आता आठवतही नव्हतं.

दिवेलागणीला तानीने पाणी मागितलं आणि ते पोटात टिकलं. धोका टळला, असं वैद्यबुवांनी सांगितलं. तेव्हा कुठे शेजारीण बाहेर आली. सुगरणबाई तिचे पाय धरायला वाकली, पण ती मागे सरली.

"चूक कुणाच्याही हातून होते, बाई. सकाळी सांगितलं असतंत तर मी तुमच्यासोबत नव्या कैऱ्या चिरायला बसले असते. पण ठाऊक असून तुम्ही माझ्या लेकीला पानावर बसू दिलंत."

पुढच्या वर्षीपासून नैवेद्य दुसऱ्या घरून जाऊ लागला. तानी बरी झाली, हसूखेळू लागली. मात्र सुगरणबाईच्या दारावरून जाताना ती दरवेळी आईचा पदर घट्ट धरायची, आणि सुगरणबाई ते दारातून पाहायची.

तात्पर्य: चूक वेळीच सांगितली तर आपला मान थोडा कमी होतो, लपवली तर तिची शिक्षा निरपराध माणसाला भोगावी लागते.