उद्याचे दोन लाडू

राजाच्या पंडिताने शोध लावला, "आजसाठी 'करतो' आणि उद्यासाठी 'करीन' असे वेगळे बोलणाऱ्यांना उद्या फार लांब वाटतो. कोळी तसेच बोलतात, म्हणून ते काही राखून ठेवत नाहीत." झाले! कोळ्यांनी पावसाळ्यासाठी सुकवलेली मासळी राजवाड्यात सांभाळून ठेवायचा हुकूम सुटला. चांगुणा कोळीण तडक दरबारात आली.

पंडित म्हणाला, "परीक्षा घेऊ. आज एक लाडू, नाहीतर उद्या दोन."

चांगुणाने लगेच एक उचलून खाल्ला. दरबार खदाखदा हसला.

"बघा महाराज, हिचा उद्यावर भरवसाच नाही!"

"हाय की," चांगुणा म्हणाली, "म्हणून तर भर उन्हात बोंबील सुकवले. पण बंदरावर दिवा उद्या लावू, असं दरबार तीन वर्षं सांगतोय. भरवसा उद्यावर हाय म्हाराज, देणाऱ्यावर नाय."

राजाने हुकूम मागे घेतला, आणि तोही उद्यावर न ढकलता.