बाईंनी डोळे मिटले

जांभळीखाली शाळा भरायची, त्या काळातली गोष्ट. साळुंकीबाई वाळूत चित्र काढत आणि म्हणत, "पाहा आणि सांगा!" चिचुंद्रीला दिसायचं कमी, त्यामुळे ती मागे गप्प बसायची. बाईंना वाटे, पोर मठ्ठच आहे.

एकदा शाळेजवळचं तळं आटू लागलं. बांधातून पाणी कुठे झिरपतंय, ते सगळ्यांनी पाहिलं, पण कुणालाच दिसेना. हरलेल्या बाईंनी पहिल्यांदाच विचारलं, "चिचुंद्रे, तुला गं काय कळतंय?"

ती बांध हुंगत निघाली आणि थबकली. "बाई, इथे आतून ओला वास येतोय."

खेकड्याने उकरलं, तर भलंमोठं भोक! खारीने पाला आणला, बेडकाने चिखल थापला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चित्र काढलंच नाही. चिचुंद्रीशेजारी बसून त्यांनी डोळे मिटले. "हं, आता मला शिकव. हुंगायचं कसं?"