बिनटोकाचा मनोरा आणि दिवसांचा लिलाव

आमच्या तारकस गल्लीत शिरलात की डाव्या हाताला पिठाची गिरणी, तिच्यापुढे शिंप्याचं दुकान आणि मग चर्च. चर्च कुठंय म्हणून कोणाला विचारावं लागत नाही, मनोरा लांबून दिसतो. आणि मनोरा दिसला की नवखा माणूस हमखास थबकतो, कारण त्याला टोक नाही. कौलांच्या वर पुरुषभर गेला आणि तिथेच बोडका राहिला. वर पारवे बसतात, खाली आपण बघत बसतो.

चर्चच्या पाठीमागे काळ्या घडीव दगडांचं एक लांब, बैठं घर आहे. ते शेजारघर. सकाळी तिथे बायकांचा शिवणवर्ग असतो, दुपारी म्हाताऱ्यांचे पत्ते, संध्याकाळी पोरांचा अभ्यास. गुरुवारी नर्सबाई येऊन बीपी तपासतात. कोणाचं वाढलंय ते दिवेलागणीच्या आत गल्लीभर होतं. होऊ नये, पण होतं. ज्याच्या घरी रांधायला कोणी नाही त्याला दुपारी तिथे गरम जेवण मिळतं. घर चर्चचं, पण शिवणवर्गाला तांबोळ्यांच्या सुना जास्त, आणि पत्त्यांत देवळातला गुरव सगळ्यांना हरवतो.

पाहुणे दोन प्रश्न विचारतात. मनोरा अपुरा का? आणि हे एवढं सगळं चालतं कशावर? गल्लीतली जुनी माणसं दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देतात, "भोपळ्यावर." पाहुणा हसतो. मग त्याला बसवून, चहा सांगून, हकिगत सांगितली जाते. ती अशी.

पणज्यांच्या काळात या गल्लीत योना नावाचा एक पाथरवट राहायचा. चर्चच्या भिंतींतला दगड न् दगड त्याच्या हातचा, असं सांगतात. भिंती झाल्या, कौलं चढली, मग त्याने मनोरा हाती घेतला. माणूस असा हौशी, की मनोरा कंबरेइतका होतो न होतो तोच त्याने टोकाचा दगड घडवून ठेवला. बूड परातीएवढं सपाट, वर चारी अंगांनी निमुळता, आणि अगदी शेंड्यावर ज्वारीचं कणीस कोरलेलं. दाणा न् दाणा मोजून घ्यावा असं.

पण दगडाची धूळ छातीत बसली आणि योना अंथरुणाला खिळला. शेवटच्या दिवशी त्याने बायकोला, राहेलबाईला, जवळ बोलावलं म्हणे. "टोकाचा दगड बसंस्तोवर माझ्या कबरीवर नावाचा दगड लावू नको. लोक विचारतील, ह्याचा मनोरा कुठाय?" राहेलबाईने त्याच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं. आणि योना गेला.

त्यानंतर बारा वर्षं राहेलबाईने त्या मनोऱ्याचाच ध्यास घेतला. दुसऱ्यांची दळणं दळायची, आणि मिळेल त्यातून दगड घडवून घ्यायचे. एका महिन्याला चार, एखाद्याला सहा. मनोरा कौलांच्या वर पुरुषभर चढला आणि उरलेल्या घडीव दगडांची रास चर्चच्या आवारात लागली. त्या राशीवर तिने भोपळ्याचा वेल सोडला होता. रोज सकाळी ती वेलाला पाणी घालायची आणि दगड मोजायची. कबर तशीच, बिननावाची. गवत उपटायला गेली की म्हणायची, "थांबा हो जरा. आलंच."

आणि मग मानमोडीची साथ आली.

ताप असा, की सकाळी चालता-बोलता माणूस दिवस मावळायच्या आत आडवा व्हायचा. एका सकाळी राहेलबाईची चूल विझलेली निघाली. त्या काळी कोण काडी ओढतंय? शेजारून विस्तव आणायचा, ही रीत. ती खापर घेऊन निघाली. पहिल्या घरी चूल गार. दुसऱ्या घरी गार. सात घरं फिरली म्हणतात, आणि सातही घरांत माणसं कण्हत पडलेली. कुठेच विस्तव नाही. रिकामं खापर घेऊन ती चर्चच्या आवारात आली, नवऱ्याची छिन्नी काढली आणि राशीतल्या एका दगडावर मारली. पहिल्याच घावात ठिणगी उडून तिने खाली धरलेल्या कापसावर पडली, असं सांगतात. कोणी म्हणतं की हाताशी गारगोटी होती. असेल, पण आमच्या गल्लीत असं म्हणायचं नसतं.

जाळ धरला. मांडायला चूल हवी, म्हणून तिने राशीतले तीन दगड ओढले. मनोऱ्याचे तीन दगड कमी झाले, हे तिला कळत होतं. ज्वारीच्या पातळ कण्या शिजवून तिने घरोघर पोचवल्या. तो काळ असा, की ख्रिस्ती पाड्यातल्या बाईच्या हातचं पाणीसुद्धा वरच्या आळीला चालत नसे. पण दुखणाईत माणूस कण्या कोणी रांधल्या ते विचारत नाही. ते बरा झाल्यावर विचारतो.

चार दिवसांनी माणसंच चुलीशी येऊ लागली. ज्यांच्या घरात कोणी उरलं नव्हतं ती तिथेच पडून राहिली. त्यात लिंबाजी बुरूड होता, टोपल्या विणणारा. त्याची बायको तापात, आणि त्याला रांधायचं ठाऊक नाही. रात्री गार वारं सुटायचं, आडोसा हवा. नवे दगड घडवायला हात कुठे होते? राहेलबाईने रास दाखवली आणि म्हणाली, "लावा."

एक थर लागला. दुसरा लागला. तेच आमचं शेजारघर. असं म्हणतात, की प्रत्येक दगड उचलला जाताना ती त्याच्यावर हात फिरवायची आणि तोंडातल्या तोंडात आकडा पुटपुटायची. फक्त टोकाचा दगड तिने कोणाला हलवू दिला नाही. वेलाखाली झाकून ठेवला.

साथ ओसरली. सुगीचा सण आला. चर्चमध्ये सुगीच्या सणाला जो तो आपल्या रानातलं पहिलं पीक आणतो, उपासना झाली की त्याचा लिलाव होतो, आणि गंमत अशी, की घेणारा ती वस्तू घरी नेत नाही. परत टेबलावर ठेवतो, परत बोली लागते. एकच कोंबडा पाचदा विकला जातो. देवाच्या कामाला हातभार.

त्या वर्षी लिलावाआधी शमुवेलपंच उभे राहिले. चर्चच्या कारभाऱ्यांत त्यांचा शब्द जड. ते म्हणाले, "संकट होतं, चूल पेटवली, बरं झालं. पण आता रोजचं पाणी कोण आणणार? सरपण कोण फोडणार? एकटी राहेलबाई किती दिवस मरणार? भिंती उतरवू, दगड मनोऱ्याला लावू. पुढच्या सुगीला टोक बसेल."

पाळकसाहेब दानिएल राहेलबाईकडे वळले. "दगड तुमचे आहेत, राहेलबाई. तुम्ही सांगाल तसं."

तिला पाठ सरळ करवत नव्हती. हाताला पोळल्याचे फोड होते. पुढच्या सुगीला टोक, म्हणजे पुढच्या सुगीला योनाच्या कबरीवर नाव. ती म्हणाली, "लिलाव हून जाऊ द्या. मग सांगते." पण मनात तिने भिंती उतरवल्या होत्या, असं म्हणतात.

सगळ्यात शेवटी तिचाच भोपळा टेबलावर आला, दगडांच्या राशीवर वाढलेला, पोटाशी धरावा एवढा. एकाने घेतला, परत ठेवला. दुसऱ्याने घेतला, परत ठेवला. लिंबाजी बुरूड टोपल्या पोचवायला आला होता, तो दाराशी उभा राहून बघत होता. त्याने उभ्या जन्मात असला बाजार पाहिला नव्हता. चार वेळा विकला तरी भोपळा जागचा हलेना! त्याची समजूत अशी झाली, की हा सौदा नव्हेच. इथे चुलीचं काम वाटून घेताहेत, आणि भोपळा नुसता मधे साक्षीला ठेवलाय.

तो दारातनं ओरडला, "माझे आठ दिवस!"

सगळे वळले. शमुवेलपंच म्हणाले, "काय आठ दिवस?"

"पाणी भरीन की चुलीचं. आठ दिवस."

हशा पिकला. कोणी म्हणालं, "आरं लिंबाजी, हा लिलाव हाय! हितं आणे बोलत्यात, दिवस न्हाई."

लिंबाजी कानापर्यंत लाल झाला. "मला काय ठावं? आणे माझ्यापाशी न्हाईत. दिवस हायेत, ते बोललो." आणि टोपल्या उचलून जायला निघाला.

राहेलबाई हसली नव्हती. ती बसल्या जागेवरून उठली, टेबलापाशी आली, भोपळ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "घेतले."

 मग बायकांच्या बाजूने आवाज आला, "माझे चार. दळणाचे." मागून कोणी, "सरपणाचे सहा!" खिडकीबाहेर वरच्या आळीची माणसं गंमत बघत उभी होती, कण्या खाऊन बरी झालेली. त्यातली एक म्हातारी गजांतून हात घालून म्हणाली, "अगं ए, माझे दोन धर. भांडी घाशीन. कोणाला सांगू नका म्हंजे झालं." आता चर्चमध्ये ओरडून सांगितलेलं कोणी कोणाला कसं सांगणार नाही, ते तिचं तिला ठाऊक.

प्रत्येक बोलीला राहेलबाई एवढंच म्हणायची, "घेतले." कंदील लावायची वेळ झाली तेव्हा पुढच्या सुगीपर्यंत पुरतील एवढे दिवस जमले होते, असं सांगतात. सगळ्यात शेवटी शमुवेलपंचांनी खाकरून घसा साफ केला. "एकवीस. पण चुलीपुढे बसणार नाही, धुरानं खोकला होतो."

"नका बसू. पोरांना अक्षरं शिकवा," राहेलबाई म्हणाली. आणि मग पाळकसाहेबांना तिने तिचं उत्तर दिलं, "भिंती ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वेलाखालचा टोकाचा दगड काढवला. चौघांनी मिळून शेजारघरात आणला. चुलीशेजारी खड्डा खणायला लावून ती म्हणाली, "टोक खाली घाला. बूड वर."

शमुवेलपंचांनी कपाळाला हात लावला. "राहेलबाई, योनानं कोरलेलं कणीस मातीत गाडता?"

"मग काय आभाळात पेरत्यात, पंच?"

दगड बसला. परातीएवढं सपाट बूड जमिनीच्या वर वीतभर राहिलं. राहेलबाईने त्याच्यावर तो भोपळा ठेवला, चिरला आणि त्या दिवशी सगळ्यांना त्याची भाजी वाढली. मग हात धुऊन ती पाळकसाहेबांकडे गेली आणि म्हणाली, योनाच्या कबरीवर आता नावाचा दगड लावायचा.

पाळकसाहेब घुटमळले. "पण राहेलबाई, मनोरा तर अपुराच आहे. तुम्ही शब्द दिला होता."

"टोकाचा दगड बसला न्हवं, साहेब?" ती म्हणाली. "कुठं बसवायचा, ते त्यांनी सांगितलंच न्हवतं."

पाळकसाहेब स्वतः पहार घेऊन कबरीकडे निघाले म्हणे. त्या दिवशी राहेलबाई गवत उपटायला बसली तेव्हा "थांबा हो जरा" म्हणाली नाही. 

आजही सुगीच्या सणाला शेजारघरातला लिलाव असाच होतो. सिलेंडर आला, नळ आला, आता पाण्याचे दिवस कोणी बोलत नाही. पण शिवणाचे बोलतात, अभ्यासाचे बोलतात, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेऊन आणायचे बोलतात, आणि वर्षभर घर त्या दिवसांवर चालतं. पहिली बोली आजही बुरडांच्या घरची असते. भोपळा त्याच दगडावर ठेवतात, आणि गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई त्याच्यावर हात ठेवून "घेतले" म्हणते. मनोरा मात्र कोणी पुरा केला नाही. मधे एका मोठ्या माणसाने आपल्या खर्चाने टोक बसवून देतो म्हटलं, तर गल्लीने त्याला चहा पाजला आणि शेजारघरात नेलं.

आजही पाहुणे मान वर करून बोडका मनोरा बघतात आणि हळहळतात. तेव्हा गल्लीतलं कोणीतरी त्यांना हाताला धरून चुलीशेजारी आणतं, भोपळे चिरून चिरून गुळगुळीत झालेला तो दगड दाखवतं आणि सांगतं, "टोक बघायचंय ना? मग चप्पल काढा, आणि खाली बघा."