हसून निरोप देणारे गाव

पूर्वी भरुकच्छ नगरात सुषेण राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या, म्हणजे व्यापारी तांड्याच्या नायकाच्या, घरी जन्माला आला आणि वयात आल्यावर बैलगाड्यांचा तांडा घेऊन दूरदेशी व्यापार करू लागला.

एका वर्षी तांडा प्रथमच मरुभूमीत शिरला. पूर्णक नावाचा म्हातारा गाडीवान वाटेत तापाने खंगत गेला आणि एका लहानशा गावाशी पोचताच वारला. त्याचा धाकटा भाऊ गोदत्त तांड्यातच होता. आईबापांच्या मागे पूर्णकानेच त्याला वाढवले होते.

चितेसाठी लाकूड हवे होते. गावात विहिरीजवळ शमीचे एकच झाड होते. गोदत्त कुऱ्हाड घेऊन तिकडे निघाला, तसे गावकरी येऊन झाडाभोवती उभे राहिले. त्यांच्या हातांत काहीच नव्हते, पण ते जागचे हलेनात. तेवढ्यात गावातली आणखी माणसे ढोल वाजवीत आली आणि पूर्णकाच्या देहाभोवती बसली. एक जण काही सांगे आणि बाकीचे पोट धरून हसत.

गोदत्ताला ते सहन झाले नाही. आपल्या भावाच्या प्रेताची थट्टा चालली आहे असे वाटून त्याने कुऱ्हाड उगारली. तांड्याच्या रक्षकांनीही भाले उचलले. राग बोधिसत्त्वालाही आला होता. पण कारण कळल्यावाचून हात उचलायचा नाही, असा त्याचा नेम होता. त्याने कुऱ्हाडीचा दांडा धरला आणि मी विचारून येईपर्यंत थांब, असे गोदत्ताला सांगितले.

गावात रोहा नावाची वृद्धा सर्वांत वडील होती. तिची भाषा जाणणाऱ्या वाटाड्याला घेऊन बोधिसत्त्व तिच्यासमोर जमिनीवर बसला. रोहाने सांगितले, की दोन दुष्काळांत याच झाडाच्या शेंगांवर गावातली पोरे जगली. म्हणून स्वतःच्या माणसांसाठीही ते कोणी तोडत नाही; गावातले मृत वाळूतच पुरले जातात.

“आणि हसणे?” बोधिसत्त्वाने विचारले.

“रडण्याने जाणाऱ्याचे पाय अडतात, म्हणून आम्ही त्याच्या गमती आठवून त्याला हसत वाट देतो,” रोहा म्हणाली. “तुमच्या माणसाच्या गोष्टी आम्हाला ठाऊक नाहीत. पण त्याला मुक्याने कसे जाऊ द्यावे? म्हणून आमच्या आजोबांच्या गोष्टी त्याला दिल्या.”

बोधिसत्त्वाने हात जोडले आणि परत येऊन हे सारे गोदत्ताला सांगितले. गोदत्ताने कुऱ्हाड खाली ठेवली. मात्र अग्नी न देता भावाला वाळूत ठेवायला तो तयार होईना. बोधिसत्त्वाने त्यालाही चूक म्हटले नाही. त्याने आपली सर्वांत मोठी, शिसवी गाडी रिकामी करायला सांगितली. मग तिच्यातले रेशमाचे गठ्ठे इथेच सोडावे लागतील, असे त्याचा भागीदार म्हणाला.

“सोडू,” बोधिसत्त्व म्हणाला. “रेशीम पुन्हा आणता येईल. पूर्णकाला निरोप एकदाच द्यायचा आहे.”

गाडी मोडून चिता रचली गेली. माणसाला जाळताना त्या गावाने कधी पाहिले नव्हते. ज्वाळा उठताच कित्येक जण भिऊन मागे सरले. रोहा मात्र गोदत्ताशेजारी उभी राहिली, तेव्हा बाकीचेही परत आले. तिने वाटाड्याकरवी गोदत्ताला भावाची एखादी गंमत सांगायला विनवले.

गोदत्ताने बाजूला पडलेली गाडीची एक फळी चितेवर ठेवली. मग म्हणाला, “दादा बैलांना भ्यायचा. जन्मभर गाडी हाकली त्याने, पण बैलाने नुसती मान झटकली तरी हा उडी मारून खाली!”

वाटाड्याने ते सांगताच गाव हसले. गोदत्तही हसला, आणि हसता हसता त्याला हुंदका फुटला. रडायचे नाही अशी त्या गावाची रीत होती, तरी रोहाने त्याला अडवले नाही. आपल्या पदराने ती त्याचे डोळे पुसत राहिली.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा नंदसेन नावाच्या भिक्षूला सांगितली. सीमेपलीकडून आलेली एक भिक्षुणी निराळ्या तऱ्हेने वंदन करी, म्हणून तो तिला नावे ठेवीत असे. कथा संपवून शास्ते म्हणाले, “नंदसेना, तेव्हाचा गोदत्त तू होतास. तेव्हाची रोहा म्हणजे ही भिक्षुणी, आणि तो सार्थवाह मीच होतो.”

परक्याची रीत उमगेपर्यंत स्वतःचा राग आवरून धरणे, ही क्षांती. त्या जन्मी बोधिसत्त्वाने तिचे आचरण केले.